पाळीविना पाणी

मी त्या माणसावर जळत होतो. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली. आजवर त्यांचा विषय निघाला की 'भला माणूस होता, जरासा चक्रम' एवढं म्हणून मी दुसरीकडे वळत आलो. ते भले होते हे खरं आणि चक्रम होते हेही खरं. मधलं जे होतं ते मी गिळत आलो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते मोहाडीजवळच्या आमच्या गावी आले. हायस्कुलात इंग्रजीचे सर. तोवर गावात इंग्रजीचा माणूस म्हणजे मी. भंडाऱ्याला खोली करून राहायचो, बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं आणि शनिवारी घरी यायचो. कुणाकडे तार आली की माणसं ती घेऊन माझी वाट पाहत थांबायची. सर आले आणि तारा सपरीतच वाचून व्हायला लागल्या. सपरी म्हणजे आमच्याकडची पुढची ओसरी. तिला लागून एक खोली होती, ती बाबांनी सरांना राहायला दिली होती.

सामान काय, तर एक ट्रंक, एक सायकल, एक रेडिओ आणि बाकी सगळे शब्दकोश. सायकलवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. हँडल धरून ते तिला शेजारून चालवत न्यायचे, शाळेत, बाजारात, थेट वरठीच्या स्टेशनापर्यंत. चालताना तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू.

"सर, बसत काहून नाही?" पारावरची पोरं विचारायची.

"बसलं की रस्ता लवकर संपतो."

"मंग सायकल कायले घेतली?"

"एकटा माणूस मोठ्यानं बोलत चालला तर लोक हसतात. सोबत कोणीतरी लागतं."

रेडिओची तार त्यांनी आमच्या परसातल्या मोहाच्या झाडावर चढवली होती. संध्याकाळी कांदे-वांग्याच्या फोडणीबरोबर घरभर खरखर पसरायची आणि त्या खरखरीतून एखादा जर्मन नाही तर डच नाही तर स्वीडिश माणूस बातम्या सांगायला लागायचा. सर त्याच्या मागोमाग मोठ्यानं म्हणायचे. माय सुरुवातीला घाबरली. "याच्या अंगात येते काय वो?" असं तिनं बाबांना विचारलं होतं. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर रेडिओ लागला नाही की "आज तुमचा जर्मन उपाशी आहे काय?" म्हणून तीच विचारायची.

एवढ्या भाषा शिकले, पण उभ्या आयुष्यात एक जर्मन माणूस त्यांनी पाहिला नव्हता. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर कुणी गोरा इंजिनियर आलाय, असं एकदा कानावर आलं. सर सायकल घेऊन पायी निघाले, दुसऱ्या दिवशी परतले. तो गोरा पंजाबचा निघाला. सर जराही खट्टू झाले नव्हते. त्याच्याकडून पंजाबी शब्दांची एक रास घेऊन आले होते आणि चपलेचा एक अंगठा तुटला होता.

त्यांचं वेड एकच. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या एका घरच्या भाषा, असं ते सांगायचे. एका बापाची लेकरं, पुढं वाटण्या झाल्या. आजीचा हंडा तोच, पण थोरल्याकडं त्यात पाणी भरतात, धाकट्याकडं तांदूळ ठेवतात. शब्द हा तसा हंडा. कोणाच्या घरी त्यात काय निघतं, ते पाहत फिरण्यात त्यांचा जन्म गेला.

शाळेतली त्यांची गोष्ट अजून सांगतात. इंग्रजीत 'डिअर' म्हणजे हरीण. पण तोच शब्द जर्मनांकडे 'टीअर' आणि डचांकडे 'दीर' होतो, आणि तिथं त्याचा अर्थ नुसतं जनावर. वाघ असो की शेळी. इंग्रजांचाही पूर्वी तोच अर्थ होता. पुढं शिकारीच्या नादात त्यांनी जनावर म्हणजे हरीणच धरलं. हे सरांनी नववीला शिकवलं आणि सहामाहीत एका बहाद्दरानं लिहिलं, 'अवर बफेलो इज अ व्हेरी गुड डिअर.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि खाली शेरा मारला, 'हजार वर्षांपूर्वी बरोबर.' हेडमास्तरांनी बोलावून घेतलं.

"सर, बोर्डाची परीक्षा आत्ता आहे. हजार वर्षांपूर्वी नाही."

"तेच तर त्या पोराचं दुर्दैव," सर म्हणाले.

गावभर हसू झालं. मीही हसलो. पण मी भंडाऱ्याला परत जाताना सायकल थांबवून हेडमास्तरांना गाठलं आणि 'हे अभ्यासक्रमात नाही बरं का, पोरांचं नुकसान होईल,' असं फार जबाबदारीनं सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

माझं दुखणं शाळेचं नव्हतं. माझं दुखणं सपरीत होतं.

बाबा न बोलणारा माणूस. आम्हा भावंडांशी त्यांचं बोलणं म्हणजे 'जेवला काय?' आणि 'बैल सोडले काय?' एवढंच. मी पहिल्या वर्षी पास झालो तेव्हा त्यांनी 'हो' म्हटलं होतं. ते बाबा सरांशी बोलायचे. रोज. शनिवारी मी घरी यायचो तर दिवेलागणीला दोघं सपरीत बसलेले, मध्ये सुपारीचा डबा, आणि बाबा हातवारे करून काही सांगताहेत. मी पायरीशी उभा राहायचो. पुष्कळ वेळानं कुणाचं तरी लक्ष जायचं. बहुतेक सरांचं.

इथं बाबांचं काम सांगितलं पाहिजे. आमच्या गावाला मोठा तलाव आहे, माळगुजारांच्या काळचा. त्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायचा मान आमच्या घराचा. मान म्हणायचं, आहे ती जोखीम. पाऊस दगा देतो तेव्हा धान लोंबीवर असतं आणि प्रत्येकाला वाटतं, पाणी पहिले माझ्या बांधीत, म्हणजे माझ्या धानाच्या वाफ्यात. म्हणून गावचा दंडक असा, की ज्यानं तुडूम उघडलं त्यानं ते बंद होईस्तोवर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, झोपायचं, गावाची शिव ओलांडायची नाही. जायचीच वेळ आली तर त्याच्या जागी त्याच्याच घरचा माणूस बसेल. दुसरा कोणी बसला की काठ्या निघतात. पाण्याचे दिवस सोडले तर वर्षभर बाबा पाळीवर खेकड्यांची बिळं शोधत आणि माती कोंबत फिरायचे. एवढ्या पाण्याला एक मातीचा ढीग अडवून धरतो, यावर त्यांचा कधीच पुरता विश्वास बसला नाही.

एका शनिवारी मी पायरीशी आलो तेव्हा हेच चाललं होतं.

"सर, तुमच्या त्या लोकायकडं तलाव आहेत काय?"

"आहेत ना भाऊ. पण तिथं एक गंमत झाली आहे. डच माणसाचा 'मेर' म्हणजे तलाव. शेजारच्या जर्मनाकडे गेलं की तोच 'मेर' समुद्र होतो. आणि 'झे' म्हणाल तर उलटं. डचांचा समुद्र, जर्मनांचा तलाव."

"म्हणजे धुऱ्याच्या इकडं तलाव अन् धुऱ्याच्या तिकडं समुद्र?"

"अगदी तसं. जर्मन कधी कधी समुद्रालाही 'झे' म्हणतो म्हणा."

"म्हणजे तो घरातल्या घरात बी घोटाळ्यात आहे." बाबांनी सुपारी कातरली. "बरं, जर्मन पाहुणा डचाकडं गेला अन् म्हणाला, मले मेर दाखव, तं?"

"तर तो त्याला म्हशी धुवायच्या जागी नेऊन उभा करील."

बाबा हसले. असे हसले की त्यांना खांब धरावा लागला. त्यांच्या मागच्या दाढा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"चुकलं कोणाचं मंग?"

"कोणाचंच नाही. मुळात 'पाण्याचा मोठा साठा' एवढंच असावं. ज्याच्या दारापुढं जेवढं पाणी, त्यानं तेवढ्याला तो शब्द लावला."

बाबा जरा वेळ तलावाच्या दिशेला पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "समुद्राले पाळ नाही म्हणते."

"नाही."

"मंग एवढं पाणी थांबते कायच्या भरवशावर?"

सर सुपारीच्या डब्याशी चाळा करायला लागले. मला वाटलं, आता आपली वेळ. मी पायरीवरूनच म्हणालो, "गुरुत्वाकर्षण, बाबा."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि सरांकडं वळले. "सर, हा म्हणते ते खरं काय?"

"खरं असेल," सर म्हणाले. "पण तुम्ही विचारलं ते वेगळं आहे."

रविवारी सकाळी सर अंघोळीला गेले असताना मी मोहाच्या झाडावर चढलो आणि विळ्यानं रेडिओची तार कापली. सरांना वाटलं, माकडांनी तोडली. झाडाखाली उभं राहून त्यांनी माकडांना शुद्ध जर्मनमध्ये झापलं. बाबा हसून हसून बेजार झाले. मग दोघांनी मिळून नवी तार बांधली, सर खालून हात देताहेत आणि बाबा त्या वयात फांदीवर. म्हणजे माझ्या विळ्यानं त्यांना आणखी एक दुपार मिळाली.

सर देवमाणूस होते असं कुणी समजू नये. समोरच्याचं ऐकता ऐकता मध्येच त्याचा एखादा शब्द धरून बसायचे आणि त्या बिचाऱ्याचं म्हणणं राहून जायचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं बोलणं फिसकटलं त्या दिवशी माय रडत होती, तर हे तिला विचारत होते, "तुम्ही आत्ता 'हिरमुसली' म्हणालात, तुमच्या माहेरी काय म्हणतात?" मायनं लाटणं उचललं होतं. पण तीच माय संध्याकाळी त्यांच्या पानात दोन मासे जास्त वाढायची. हे मला कधी जमलं नाही, आपल्याच घरी हवंसं होणं.

आणि मग ते वर्ष आलं. पाऊस पोळ्यानंतर गेला तो आलाच नाही. बाबांनी तुडूम उघडलं आणि पाळीवर खाट टाकली. त्याच सुमारास शाळेची सहल पुरीला निघाली. गाडी वरठीहूनच होती. ऐन वेळी एक मास्तर गळाला आणि एक जागा रिकामी झाली.

शनिवार होता. सर पाळीवर आले, सायकल बाभळीला टेकवली. बाबा खाटेवर, मी त्यांचा डबा घेऊन आलेलो.

"भाऊ, समुद्राला चलता काय?"

 बाबा उठून बसले. मी तो चेहरा पाहिला आहे. जत्रेत पाळण्यात बसायला मिळणार म्हणून पोर जसं आधी बापाच्या तोंडाकडं पाहतं, तसे ते माझ्याकडं पाहत होते.

"तुडूम?" एवढंच म्हणाले.

"तुडुमावर हा बसेल ना," सर मला म्हणाले. "तुझ्याच घरचा मान. आठवड्याचा तर प्रश्न."

खरंच तेवढाच प्रश्न होता. दंडकाप्रमाणं मी चाललो असतो, कुणी बोट दाखवलं नसतं. कॉलेजला सुट्ट्या लागणार होत्या. काम काय, तर खाट, डबा, आणि कुणाच्या बांधीला किती वेळ पाणी ते सूर्य पाहून ठरवायचं. बाबांच्या मागं फिरून मला ते येतही होतं.

पण माझ्या डोळ्यापुढं गाडीतल्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले ते दोघं आले. वाळूत उभे राहिलेले ते दोघं आले. बाबा विचारताहेत आणि सर सांगताहेत. परत आल्यावर आयुष्यभर त्यांच्या बोलण्यात 'आठवते काय सर, तिथं' येत राहणार, आणि मी पायरीशी उभा.

"मले नाही जमत," मी म्हणालो. "परीक्षा आहे."

 पाटातून पाणी वाहत होतं त्याचा आवाज होता. मग बाबा परत आडवे झाले.

"बरोबर आहे पोराचं. शिक्षण पहिले." जरा वेळानं सरांना म्हणाले, "जा तुमी. समुद्र काही पळून नाही जात."

"मी नेईन तुम्हाले, बाबा," मी म्हणालो. "उन्हाळ्यात."

"हो," बाबा म्हणाले. मी पास झालो तेव्हा म्हणाले होते, तितकंच.

परीक्षा नव्हती. तो आठवडा मी भंडाऱ्याच्या खोलीत दोस्तांबरोबर पत्ते कुटत काढला आणि सगळे डाव हरलो.

सर पुरीहून आले ते आधी पाळीवर गेले, मग घरी. बाबांनी विचारलं, "पाह्यलं काय सर? थांबते कायच्या भरवशावर?"

"दिवसभर उभा होतो भाऊ. नाही समजलं. तुम्ही पाहिजे होते."

हे मला मायनं सांगितलं. तिला ते फार आवडलं होतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आमचं गाव सोडलं. वर्ध्याकडच्या एका शाळेत गेले. बाबा त्यांना वरठीपर्यंत पोचवायला गेले, तेही सायकल हातात धरून, पायी. परतल्यावर बाबांचं बोलणं पुन्हा जेवण आणि बैल एवढ्यावर आलं. सपरी मोकळी झाली आणि मी तिथं बसायला लागलो. मध्ये तोच सुपारीचा डबा. मी म्हणायचो, "काय बाबा?" ते म्हणायचे, "काही नाही गा."

तो उन्हाळा बहिणीच्या लग्नात गेला. पुढचा माझ्या नोकरीच्या धावपळीत. तुमसरकडे एका शाळेत मी लागलो, इंग्रजीचा सर म्हणून. मग माझं लग्न. मग पोरगी. दर उन्हाळ्यात मी 'या वर्षी जाऊ' म्हणायचो आणि बाबा 'हो' म्हणायचे. एकदा शिक्षकांच्या कसल्याशा शिबिराला मला मुंबईला पाठवलं होतं. तिथं मी समुद्र पाहिला. संध्याकाळी कठड्यावर बसलो आणि ते पाणी पाहताना मला खरोखर भीती वाटली, थांबतं कशाच्या भरवशावर? घरी आलो तर बाबांनी विचारलं, "दिसला काय?"

"वेळच नाही भेटला," मी म्हणालो.

हो म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, आणि माझ्या उत्तरावर त्यांचे डोळे सरांच्या रिकाम्या खोलीकडे वळले असते. ते मला पाहवलं नसतं. म्हणून तेवढंही मी त्यांना दिलं नाही.

बाबा गेले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, धानाची कापणी संपता संपता. झोपेतच गेले. समुद्र पाहिला नाही.

तेरवी होऊन महिना झाल्यावर सर आले. केस सगळे पांढरे, पाठीला बाक, हातात सायकल. वरठीला उतरून तिथून चालत आले होते. सायकल गाडीच्या सामानाच्या डब्यातून आणली होती. मायच्या पायाशी बसून त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "पाळीवर जाऊन येऊ."

आम्ही पाळीवर जाऊन बसलो. तलाव अर्धा होता, पाणकोंबड्या होत्या. सर पुटपुटत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बोलायला जागाच जागा होती. मी बोललो.

"सर, तवा माझी परीक्षा नव्हती."

"मालूम आहे."

त्यांच्या तोंडून आमच्याकडचा 'मालूम' ऐकून मी चमकलो.

"कोणी सांगितलं?"

"भाऊंनी. त्याच दिवशी. तू गेल्यावर." सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "मी म्हणालो, पोराला मी समजावतो. ते म्हणाले, नोका समजावू. परीक्षा उन्हाळ्यात असते हे मले बी समजते. पोरगा जळून राहिला तुमच्यावर, म्हणाले. मी तुमच्यासंग गेलो तं तो मले कधी जवळ नाही करायचा. आता तो नेईन म्हणते. मी त्याच्यासंगच जाईन."

मी पाळीवरचं एक ढेकूळ उचलून खेकड्याच्या बिळात कोंबलं.

"नंतर मी दर वर्षी पत्रातून विचारायचो, गेलात काय? तर लिहून पाठवायचे, पोराले सवड नाही, पण नेणार आहे." सरांनी चष्मा घातला. "मी दोनदा लिहिलं, मी येतो, चला माझ्याबरोबर. नाही म्हणाले."

म्हणजे बाबा माझी वाट पाहत होते. त्या सगळ्या उन्हाळ्यांत, 'हो' म्हणून, सपरीत, माझ्या समोर बसून.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. हे ऐकून मी रडलो असं लिहिता आलं असतं. रडलो तो पुष्कळ नंतर, तुमसरला, नळाखाली. तिथं पाळीवर, त्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसलेलो असताना माझ्या मनात जे पहिलं उठलं ते दुःख नव्हतं. बापाच्या आयुष्यातली माझ्याबद्दलची एवढी एकच गोष्ट, आणि तीही बाबांनी मला नाही, सरांना सांगितली होती.